विश्लेषण : मध्ये घुसणारा बाहेर, पैसे मोजणारा पुढे... थीम पार्कच्या रांगेत नेमकं कोणाचं चुकतं?

जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधला एक व्हिडिओ जगभर फिरला. मिकी माऊसच्या गावात, भर दुपारी, दोन मोठी कुटुंबं एकमेकांवर तुटून पडलेली. आजूबाजूला बाबागाड्या, रडणारी मुलं आणि मोबाइल वर धरून शूटिंग करणारी गर्दी.

भांडणाचं कारण त्यावेळच्या बातम्यांमध्ये आलं ते असं : एका शोच्या रांगेत उभी असलेली महिला बाहेर राहिलेला मोबाइल आणायला गेली. परत येऊन ती आपल्या घरच्यांजवळ जायला लागली, तेव्हा मागच्या कुटुंबाने तिला अडवलं. तिथे बाचाबाची झाली आणि पुढे ती हाणामारीपर्यंत गेली.

सोशल मीडियावर लगेच दोन तट पडले. एक म्हणाला, ती मध्ये घुसली. दुसरा म्हणाला, तिची माणसं आधीपासून रांगेत होती, मग ती घुसली कशी? गंमत म्हणजे दोघांकडेही पटण्यासारखं उत्तर आहे. आणि या एका प्रश्नाच्या मागे गेलं, तर थीम पार्कची रांग आज कोणाच्या सोयीने चालते, तेही कळतं.

नियम काय सांगतो?

अमेरिकेतल्या सिक्स फ्लॅग्ज, सीडर पॉइंट यांसारख्या पार्कांत राइडच्या तोंडाशी पाट्या असतात. रांग मोडली तर पार्कबाहेर काढलं जाईल, पैसे परत मिळणार नाहीत. रांग मोडणं म्हणजे काय, याची व्याख्याही बरीच कडक आहे. दुसऱ्यासाठी जागा धरणं आणि रांग सोडून जाऊन परत त्याच जागी येणं, हेही त्यात येतं. हा नियम लावला तर मोबाइल आणायला गेलेली व्यक्ती चुकलीच.

जपानमध्ये टोकियो डिस्नेलँडची पद्धत जरा वेगळी आहे. एकाने रांगेत उभं राहायचं आणि बाकीच्या सहा जणांनी पॉपकॉर्न खाऊन नंतर सामील व्हायचं, हे तिथे चालत नाही. सगळ्यांनी मिळूनच रांगेत लागायचं. पण रांगेत लागल्यावर एखाद्याला स्वच्छतागृहात जावं लागलं, तर तो परत येऊ शकतो. म्हणजे आधी उभं राहून मग बाहेर गेलेला वेगळा आणि आधी उभाच न राहिलेला वेगळा.

हा फरक मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा, रेशनच्या दुकानासमोर नंबर म्हणून ठेवलेली पिशवी, टँकर यायच्या आधीच ओळीने लागलेले हंडे, हे सगळं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. त्यातही न लिहिलेले नियम आहेत. एक हंडा चालतो, एका घराचे आठ हंडे चालत नाहीत. रुमालाने एक सीट धरली तर लोक कुरकुरत मान्य करतात, अख्खा बाक धरला तर भांडण होतं.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ लिऑन मान यांनी १९६०च्या दशकात मेलबर्नमध्ये फुटबॉलच्या तिकिटांसाठी रात्रभर लागणाऱ्या रांगांचा अभ्यास केला. तिथेही लोकांनी आपसांत पाळ्या ठरवल्या होत्या, थोडा वेळ बाहेर जाण्याची मुभा होती आणि सामान ठेवून जागा धरणंही ठरावीक मर्यादेपर्यंत मान्य होतं.

घुसणाऱ्याला कोण अडवतं?

रांगेत कोणी घुसलं की आपल्याला राग येतो, पण बोलतं कोण? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रम यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा प्रयोगच केला. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात न्यूयॉर्कमधल्या १२९ रांगा निवडल्या होत्या. रेल्वेची तिकीट खिडकी, सट्ट्याची दुकानं अशा ठिकाणी प्रयोगातली माणसं जाऊन सरळ तिसऱ्या आणि चौथ्या माणसाच्या मध्ये उभी राहायची.

एकच माणूस घुसला, तेव्हा साधारण निम्म्या रांगांमध्येच कोणीतरी आक्षेप घेतला. दोघं घुसले, तेव्हा १० पैकी ९ रांगांमध्ये विरोध झाला. सगळ्यांत जास्त आवाज उठवला तो घुसणाऱ्याच्या लगेच मागे असलेल्याने. आणि मागचे एक-दोघं प्रयोगातलेच असून मुद्दाम गप्प राहिले, तर त्यांच्याही मागचे लोक क्वचितच काही बोलले.

म्हणजे रांगेत एक अलिखित जबाबदारी असते आणि ती घुसणाऱ्याच्या पाठीमागे ज्याचा नंबर असतो त्याच्यावर येते. तो गप्प बसला की बाकीचे समजतात, ओळखीचा असेल. ‘अहो, आमची माणसं पुढे आहेत’ हे वाक्य आपल्याकडे इतकं चालतं, त्याचं कारण हेच. ते खरं आहे की खोटं, हे तपासायला कोणी पुढपर्यंत जात नाही.

शाळेच्या सहली येतात त्या दिवशी आपल्याकडच्या पार्कांत हे नेहमी दिसतं. दोन मुलं पुढे असतात आणि त्यांच्यामागून पंधरा जण दोरीखालून सरकत जातात. तिथे मागच्या काका-काकूंनी आवाज दिला तर ‘लहान मुलांवर काय ओरडता’ हे ऐकावं लागतं. अशा वेळी बोलण्याचं काम राइडवरच्या कर्मचाऱ्याचं आहे आणि मागच्यांनी त्यालाच हाक मारणं शहाणपणाचं. डिस्नेमधल्या भांडणातही पाहुणे स्वतःच पंच झाले होते.

पण मग पैसे देऊन पुढे जाणारे?

दोरीखालून सरकणारा मुलगा पकडला जातो. त्याच वेळी शेजारच्या मार्गिकेतून एक कुटुंब न थांबता पुढे जातं आणि त्याला कर्मचारी हसून वाट देतो. कारण त्यांच्याकडे महागडं तिकीट असतं. रांगेत उभ्या असलेल्याचा वेळ दोघांमुळेही जातो. एकाने पार्कला पैसे दिले आहेत, दुसऱ्याने नाहीत, एवढाच फरक.

यावर पार्कवाले म्हणतात की ही वेगळी रांग आहे, साध्या रांगेला धक्का लागत नाही. हे गणितात बसत नाही.

समजा, एका राइडवर तासाला १२०० माणसं बसू शकतात आणि तुमच्या पुढे ६०० जण आहेत. एकच रांग असेल तर अर्ध्या तासात नंबर लागेल. आता तासाच्या १२०० जागांपैकी ८०० जलद मार्गिकेला दिल्या, तर साध्या रांगेला उरतात ४००. तेच ६०० जण संपायला दीड तास लागेल. राइड तीच, पाळण्याचा वेग तोच, पुढची माणसंही तेवढीच. जिथे दोन्ही मार्गिका एकत्र येतात, तिथे उभा असलेला कर्मचारी कोणाला किती सोडतो, यावर तुमची दुपार ठरते. आणि झुकतं माप जलद मार्गिकेलाच मिळतं. नाहीतर ती विकली कशी जाणार?

कोणी म्हणेल, जलद मार्गिका नसती तर ते लोकही साध्या रांगेतच आले असते ना? थोडंफार खरं आहे. पण रांगेत प्रत्यक्ष उभा असलेला माणूस एका वेळी एकाच ठिकाणी असतो. पास असलेल्याचं तसं नसतं. तो एका राइडची वेळ मोबाइलवर राखून दुसऱ्या राइडच्या रांगेत उभा असतो. एक माणूस दोन रांगा अडवतो, हंड्यांच्या भाषेत सांगायचं तर दोन नळांवर त्याचा हंडा लागलेला असतो.

फुकट होतं ते विकत कसं झालं?

डिस्नेने १९९९ मध्ये ‘फास्टपास’ आणला, तेव्हा तो सगळ्यांना मोफत होता. राइडसमोरच्या यंत्रात तिकीट घालायचं, परत येण्याची वेळ छापलेली चिठ्ठी घ्यायची आणि तोवर इकडे तिकडे फिरायचं. वाट पाहणं टळत नव्हतं, फक्त उभं राहणं टळत होतं. जो आधी यंत्रापर्यंत पोहोचला त्याला आधीची वेळ, मग तो श्रीमंत असो की पैसे साठवून आलेला.

२०२० मध्ये कोविडमुळे पार्क बंद झाले आणि त्यासोबत ही सोयही थांबली. ती त्या रूपात परत आलीच नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये ‘जिनी प्लस’ सुरू झालं. माणशी दिवसाला १५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ११०० रुपये. पुढे किंमत गर्दीप्रमाणे बदलू लागली. २०२४ मध्ये नाव बदलून ‘लायटनिंग लेन मल्टी पास’ झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर त्याहून वरचा ‘प्रीमियर पास’ आला. त्यात वेळ राखायचीही गरज नाही, ठरलेल्या राइड्सवर प्रत्येकी एकदा केव्हाही या. फ्लोरिडात त्याची सुरुवातीची किंमत पार्क आणि तारखेनुसार १२९ ते ४४९ डॉलर जाहीर झाली. ४४९ डॉलर म्हणजे त्या वेळचे जवळपास ३८ हजार रुपये. प्रवेशाचं तिकीट वेगळं.

युनिव्हर्सलसारख्या पार्कांचा पैसे देऊन पुढे जाण्याचा एक्स्प्रेस पास त्याआधीपासूनच होता, त्यामुळे सगळा दोष डिस्नेच्या माथी मारणं बरोबर नाही. पण मोफत सोयीच्या जागी विकतची सोय आली, तेव्हा रांगेचा अर्थ बदलला. आधी सगळ्यांचं वाट पाहणं सुसह्य केलं जात होतं. आता एकाचं वाट पाहणं दुसऱ्याच्या अंगावर टाकून त्याची पावती फाडली जाते.

सगळ्यांत जास्त किंमत कोणी मोजली?

या सगळ्या ओढाताणीत ज्यांना खरोखर रांगेत उभं राहता येत नाही, त्यांचं काय झालं, हे फारसं बोललं जात नाही.

डिस्नेकडे पूर्वी ‘गेस्ट असिस्टन्स कार्ड’ होतं. अपंगत्व असलेल्या पाहुण्याने ते दाखवलं की अनेक राइड्सवर त्याला आणि सोबतच्यांना दुसऱ्या दाराने लवकर आत घेतलं जायचं. अमेरिकी कायद्यातल्या तरतुदी आणि खासगी गोष्टी विचारण्याचा संकोच यामुळे वैद्यकीय कागद मागितले जात नव्हते, पाहुण्याच्या शब्दावर कार्ड मिळायचं. साहजिकच गैरफायदा घेणारे आले. मे २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क पोस्ट’ने बातमी दिली की काही श्रीमंत कुटुंबं तासाला १३० डॉलर देऊन अपंग व्यक्तीला ‘गाइड’ म्हणून सोबत नेतात आणि तिच्यासोबत रांग चुकवतात.

नंतर न्यायालयात डिस्नेने त्या काळातली आपली पाहणी मांडली. कार्डधारक पाहुणे एकूण पाहुण्यांच्या ३ टक्क्यांच्या आसपास होते. पण ‘टॉय स्टोरी मेनिया’ या एका लोकप्रिय राइडवर जवळपास ३० टक्के फेऱ्या त्यांच्या होत्या. यातले लबाड किती आणि गरजू किती, हे या आकड्यावरून कळत नाही. पण कार्ड का बंद झालं ते कळतं.

ऑक्टोबर २०१३ मध्ये ते कार्ड गेलं आणि ‘डिसॅबिलिटी अ‍ॅक्सेस सर्व्हिस’ आली. लगेच प्रवेश नाही, तर साध्या रांगेत जेवढा वेळ लागेल तेवढ्या वेळाने यायचं, तोवर बाहेर कुठेही थांबायचं. ऑटिझम असलेल्या मुलांच्या काही पालकांनी याविरुद्ध खटले भरले. त्यांचं म्हणणं होतं की काही मुलांना वाट पाहणंच झेपत नाही, मग ती रांगेत असो की बाकावर. त्यांतल्या एका प्रमुख खटल्यात २०२० मध्ये फ्लोरिडातल्या संघराज्य न्यायालयाने डिस्नेच्या बाजूने निकाल दिला.

पुढे २०२१ पासून मोफत फास्टपास उरला नव्हता आणि अपंगांची सोय मात्र मोफत होती. तिच्याकडे ओढा वाढणं ओघानेच आलं. पाच वर्षांत या सेवेचा वापर तिपटीहून जास्त झाल्याचं डिस्नेने सांगितलं आणि २०२४च्या मे-जूनमध्ये निकष आवळले. ही सेवा प्रामुख्याने ऑटिझम किंवा त्यासारख्या विकासात्मक अपंगत्वामुळे रांगेत दीर्घकाळ थांबू न शकणाऱ्यांसाठी असल्याचं जाहीर झालं. खोटी माहिती दिल्याचं आढळलं तर पार्कमध्ये कायमची बंदी, असाही इशारा दिला गेला.

मग आतड्यांचे विकार असलेले, ज्यांना अचानक स्वच्छतागृहात पळावं लागतं, त्यांनी काय करायचं? कर्करोगाच्या उपचारांनी थकलेल्यांनी काय करायचं? अशा अनेकांना दुसरे पर्याय सुचवले गेले. त्यातला एक असा : घरच्यांसोबत रांगेत उभे राहा, गरज पडली की बाहेर जा आणि परत येऊन आपल्या माणसांजवळ उभे राहा.

नेमकी हीच गोष्ट करताना फँटसीलँडमध्ये भांडण पेटलं होतं. परवानगी पार्कने दिली असली, तरी ती मागच्या दोनशे लोकांना दिसत नाही. त्यांना दिसतो तो गर्दीतून ‘एक्स्क्यूज मी’ म्हणत पुढे सरकणारा, वरून धडधाकट दिसणारा माणूस. ज्याचा आजार दिसत नाही त्याने प्रत्येक वळणावर आपलं दुखणं अनोळखी लोकांना समजावत जायचं, हा कसला पर्याय? फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात नव्या निकषांविरुद्ध खटला दाखल झाला.

इथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. गैरफायदा घेणाऱ्यांनी सोय बिघडवली हे खरं. पण नियम आवळले गेले त्याच वर्षी तोच वेळ प्रीमियर पासच्या रूपाने विक्रीला आला. जागा कमी आहेत, असं एका हाताने सांगायचं आणि दुसऱ्या हाताने त्या विकायच्या. डिस्नेने या दोन गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या नाहीत, पण रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्या जोडलेल्याच दिसणार.

आपल्याकडे काय परिस्थिती?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेल्या इमॅजिकाने साध्या तिकिटाच्या वरचं ‘एक्स्प्रेस’ तिकीट विकलं आहे. दक्षिणेतल्या वंडरला पार्कांचं ‘फास्टट्रॅक’ तिकीट आहे. तेव्हा हा प्रश्न परदेशातला राहिलेला नाही.

शिवाय पैसे किंवा ओळख वापरून पुढे जाण्याची सवय आपल्याला पार्कच्या आधी देवळांनी लावली आहे. तिरुमलात ३०० रुपयांचं विशेष प्रवेश दर्शन आहे, शिर्डीत सशुल्क पास आहेत. लालबागच्या राजाला नवसाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहिलेले भाविक आणि बाजूने निवांत आत जाणारे व्हीआयपी, हे व्हिडिओ दर गणेशोत्सवात फिरतात. मंदिरांमधल्या व्हीआयपी दर्शनाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२५ रोजी ऐकली. तत्कालीन सरन्यायाधीश संजीव खन्ना यांच्या खंडपीठाने मत दिलं की मंदिरात कोणालाही विशेष वागणूक असू नये, पण त्याबाबत आदेश देण्याचं हे प्रकरण नाही. याचिका फेटाळली गेली.

देवळाचीच अशी स्थिती असेल, तर करमणुकीचा खासगी धंदा करणाऱ्याला जलद तिकीट विकण्यापासून कोण रोखणार? किमान माहिती मागता येईल. जलद मार्गिकेला किती जागा दिल्या जातात आणि दिवसाला अशी किती तिकिटं विकली जातात, हे पार्कांनी दारावर लिहायला हरकत नसावी. पैसे मोजून चौघांचं कुटुंब घेऊन आलेल्याला निदान आपण कशात उभे राहतोय ते कळेल.

अपंगांच्या बाबतीत भारतात एक गोष्ट अमेरिकेपेक्षा सोपी आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमसह २१ प्रकारची अपंगत्वं मान्य आहेत आणि त्यासाठी सरकारचं यूडीआयडी कार्ड मिळतं. पार्कच्या कर्मचाऱ्याने कोणाचं दुखणं खरं, कोणाचं खोटं, हे चेहऱ्यावरून ठरवण्याची गरज नाही. अडचण उरते ती आतड्यांच्या विकारांसारख्या आजारांची, जे या २१ प्रकारांत थेट बसत नाहीत. त्यांच्यासाठी रांगेत परत येताना दाखवायला एखादी रंगीत चिठ्ठी पुरेल आणि ती मागच्यांना दिसेल इतकी मोठी असावी.

रांगच काढून टाकली तर?

हाही प्रयोग झाला आहे. युनिव्हर्सलने मे २०१७ मध्ये फ्लोरिडात ‘व्होल्कॅनो बे’ हे वॉटर पार्क उघडलं, तेव्हा रांगा नसलेलं पार्क अशीच त्याची जाहिरात होती. प्रत्येकाच्या मनगटावर ‘टापू टापू’ नावाचा पट्टा. घसरगुंडीजवळच्या खांबाला तो लावायचा, नंबर लागायचा. आपली वेळ झाली की पट्टा कळवायचा, तोवर पोहत राहायचं. एका वेळी एकाच घसरगुंडीचा नंबर लावता यायचा, त्यामुळे दोन ठिकाणी जागा अडवणं बंद. शरीरच रांगेत नसल्यामुळे दोरीखालून सरकणं बंद. मोबाइल आणायला जा, स्वच्छतागृहात जा, कोणी विचारत नसे.

वाट पाहणं अर्थातच संपलं नाही. गर्दीच्या दिवशी पट्टा काही तासांनंतरची वेळ दाखवायचा. पण निदान तिथे सगळ्यांचा नंबर एकाच यादीत होता. पुढे युनिव्हर्सलने व्होल्कॅनो बेसाठीही एक्स्प्रेस पास विकायला सुरुवात केली.